दोन खोल्यांच्या घरात बेल्ट ग्राइंडर: घेण्याआधी काय पाहाल?

बकरी ईदच्या आधीचा आठवडा आला की घरोघरच्या सुऱ्या बाहेर निघतात. वर्षभर कपाटावर जुन्या कापडात गुंडाळून ठेवलेली मोठी सुरी, कातडे काढायची लहान सुरी, हाडांसाठीचा सत्तूर. त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरातली पावशी आणि अम्मीची शिवणकामाची कैचीही पिशवीत जाते. धार लावणाऱ्याकडे रांग लागते आणि ईदच्या आदल्या संध्याकाळी तर नंबरच लागत नाही. कुर्बानी करायची तर सुरी धारदार असावी, जनावरासमोर ती पाजवू नये, त्याला तडफडू देऊ नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणजे धार लावणे हे काम किरकोळ दिसले तरी त्यात मोठी जबाबदारी आहे.

हे काम आजवर दगडी सानेवर होत आले. आता अनेक तरुण बेल्ट ग्राइंडर घेऊ पाहतात. खरखरीत कापडी पट्टा दोन-तीन चाकांवरून वेगाने फिरतो, त्याच्यावर पोलाद टेकवायचे, एवढेच हे यंत्र. त्यावर जुन्या सुरीला धार लावता येते आणि नवी सुरीही घडवता येते. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पाहून मुलांचे डोळे चमकतात. व्हिडिओतली कार्यशाळा मात्र मोठी असते. आपल्याकडे दोन खोल्या, मागे छोटेसे आंगण, भिंतीला भिंत लागून शेजारी आणि आत झोपलेले लहान मूल.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. यंत्रांशी माझा संबंध घरातल्या मिक्सरपुरताच. पण माझा एक जुना विद्यार्थी आयटीआयचा फिटर ट्रेड करून आला. त्याने विचारले, "आपा, पैसे एकदाच जमणार आहेत. कोणते यंत्र घेऊ?" त्याच्या घरी अम्मीला दम्याचा त्रास. प्रश्न फक्त यंत्राचा नव्हता. त्यामुळे आम्ही दोघांनी मिळून माहिती गोळा केली, कारागिरांना विचारले, वहीत हिशेब मांडले. त्यातून जे हाती आले ते इथे मांडते आहे, कारण असा मुलगा आणि अशी अम्मी भंडाऱ्यात, तुमसरला, पवनीला, साकोलीला, कुठल्याही मोहल्ल्यात सापडेल.

आमचा निष्कर्ष आधीच सांगते. यंत्र हॉर्सपॉवर पाहून घेऊ नका. ते घराच्या मापाने घ्या. जागा, वीज, शेजार आणि घरातल्यांची फुप्फुसे ही चार मापे आधी काढा. मग उरते तेच तुमचे यंत्र.

धंदा जुनाच आहे

मराठीत 'शिकलगार' हा शब्द आहे. पश्चिम महाराष्ट्रात अनेक मुस्लिम कुटुंबांचे ते आडनावही आहे. शब्दाचे मूळ अरबी 'सैकल', म्हणजे घासून चकाकी आणणे, आणि त्याला जोडलेला फारसी 'गर', म्हणजे करणारा. तलवारी-सुऱ्यांना धार आणि चमक देणारा तो शिकलगार. 'सान' हा शब्द संस्कृत 'शाण'वरून आला, 'कैची' तुर्कीतून आली. धार लावणाऱ्याच्या एका पेटीत किती भाषा नांदतात पाहा.

लोखंडाचे काम तर विदर्भाच्या मातीत फार जुने. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडच्या उत्खननात लोखंड वितळवण्याची भट्टी सापडली, ती महापाषाण काळातली, म्हणजे अडीच हजार वर्षांहून जुनी. भंडारा शहराची ओळख पितळी भांड्यांची. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. धातूशी खेळणारे हात या जिल्ह्यात नवे नाहीत. हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले, असे कुरआनात आले आहे, आणि ते आपल्या हातच्या कमाईवर जगत, हेही आपण ऐकतो. तेव्हा मुलगा लोखंडकाम करू म्हणाला तर नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र तयारी हवी.

आधी काम ठरवा

'धार लावणे' आणि 'सुरी घडवणे' ही दोन वेगळी कामे आहेत. धार लावताना पोलाद अगदी थोडे झिजवायचे असते. घडवताना पट्टीच्या दोन्ही बाजू उतरत्या करून पाते पातळ करायचे असते, म्हणजे बरेचसे पोलाद झिजवून टाकायचे. पहिल्याला छोटे, हळू चालणारे यंत्र पुरते. दुसऱ्याला ताकद लागते आणि त्यातून धूळही कितीतरी जास्त निघते.

माझे स्पष्ट मत असे की दोन खोल्यांच्या घरातून सुरुवात धार लावण्यापासूनच करावी. सुऱ्या, पावश्या, शेतातले इळे, शिवणाऱ्या भगिनींच्या कैच्या. गिऱ्हाईक मोहल्ल्यातच आहे आणि वर्षभर आहे. सुरी घडवायचीच असेल तर ओबडधोबड आकार लोहाराकडे किंवा एखाद्या वर्कशॉपमध्ये करून घ्यावा आणि घरी फक्त सफाई व धार करावी. भट्टी तर घरात नकोच.

बेल्टचे माप म्हणजे यंत्राचे माप

हे यंत्र त्याच्या बेल्टच्या मापाने ओळखले जाते. आधी रुंदी, मग पूर्ण लांबी, दोन्ही इंचांत. नेहमी दिसणारी मापे अशी:

१ × ३० – टेबलावर मावणारे छोटे यंत्र. धार लावायला चांगले. रुंद पाते घडवायला अपुरे.

२ × ४८ – मधले. धार, सफाई आणि हलके घडवणे तिन्ही होते. दोघांनी उचलून आत-बाहेर करता येते.

२ × ७२ – जगभरातले सुरी बनवणारे याच मापावर स्थिरावले आहेत. काम उत्तम, पण यंत्र जड आणि एका जागी पक्के बसवावे असे.

३ × २१ – सुताराचे हातात धरायचे बेल्ट सँडर. काही जण ते उलटे करून शिकंज्यात पकडतात. तसे करणार असाल तर त्याची धुळीची कापडी पिशवी आधी काढून ठेवा. पिशवीत लाकडाचा भुसा आणि त्यात पोलादाची ठिणगी, म्हणजे आगीला आमंत्रण.

याशिवाय साध्या अँगल ग्राइंडरला लावायचे बेल्टचे जोडही मिळतात. ते स्वस्त असतात. पण त्यांचा वेग फार असतो, आवाज कर्कश असतो आणि हात लवकर थकतो. शिकण्यापुरते ठीक, रोजच्या धंद्याला नाही.

आता लांब बेल्टचा फायदा पाहा. १ × ३० बेल्टचे क्षेत्रफळ ३० चौरस इंच. २ × ४८ चे ९६. २ × ७२ चे १४४, म्हणजे पहिल्याच्या जवळपास पाचपट. बेल्ट जितका मोठा तितके त्याचे दाणे जास्त काळ टिकतात, आणि प्रत्येक भागाला फेऱ्यांच्या मधे थंड व्हायला वेळ मिळतो. म्हणून छोट्या बेल्टवर पाते लवकर तापते आणि बेल्टही लवकर झिजतो.

पण याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे बेल्ट मिळतो का? यंत्र एकदा घ्यायचे, बेल्ट कायम घ्यायचे. यंत्राची चौकशी करण्याआधी नागपूरला इतवारीच्या लोहाओळीत किंवा जवळच्या हार्डवेअर बाजारात जाऊन विचारा की या मापाचे बेल्ट तुमच्याकडे कायम असतात का. ४०, ६०, १२०, २२० आणि ४०० असे निदान पाच नंबर मिळाले पाहिजेत. आकडा लहान तितका दाणा जाड. ठोक माल घेणारे व्यापारी हव्या त्या लांबीचे बेल्ट जोडूनही देतात. हातात यंत्र सुंदर आणि बेल्ट मात्र ऑनलाइनवरून दोन आठवड्यांनी येणार, तर ईदच्या हंगामात तुम्ही हात चोळत बसाल.

मोटर: तीन गोष्टी वाचा

मोटरवर एक पत्र्याची पट्टी असते. ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पहिली गोष्ट ताकद. घरी आणलेल्या घरघंटीची मोटर साधारण १ हॉर्सपॉवरची आणि सिंगल फेजची असते. घरची वीज ती घरघंटी चालवत असेल तर १ हॉर्सपॉवरचे ग्राइंडरही चालवेल. धार आणि हलक्या कामाला तेवढे पुरते. पूर्ण भाराने तासभर चालवल्यास सुमारे एक युनिट वीज जाते. २ हॉर्सपॉवरच्या वर जायचे म्हटले की वायरिंग आणि मंजूर भार यांचा प्रश्न येतो. तो आधी महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावा.

दुसरी गोष्ट वेग. इथे वर्तुळाचा परीघ कामाला येतो. १४४० फेऱ्यांची मोटर आणि तिच्यावर ४ इंचांचे चाक असेल, तर चाकाचा परीघ सुमारे ३२ सेंटीमीटर. म्हणजे बेल्ट मिनिटाला सुमारे ४६० मीटर, सेकंदाला साडेसात मीटरच्या थोडा वर धावतो. तेच चाक २८८० फेऱ्यांच्या मोटरवर बसवले तर वेग दुप्पट, सेकंदाला १५ मीटर. मोटर १४४० चीच ठेवून चाक ६ इंचांचे केले तर सेकंदाला साडेअकरा मीटर. घडवायला जास्त वेग हवा, धारेला कमी. छोट्या घरात, नवख्या हाताला आणि पातळ पात्याला कमी वेगच बरा. तो पाते कमी तापवतो, आवाज कमी करतो आणि चूक झाली तर हात मागे घ्यायला वेळ देतो. वेग हवा तसा बदलणारे व्हीएफडी नावाचे उपकरणही मिळते. त्याने घरच्या सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालते. पण लोखंडाची धूळ त्याच्या आत गेली तर ते जळते, म्हणून ते बंद पेटीतच असले पाहिजे.

तिसरी गोष्ट मोटरचे कवच. चारी बाजूंनी बंद आणि बाहेरून पंख्याने थंड होणारी मोटर घ्या. उघड्या जाळीची मोटर लोखंडाचा चुरा आत ओढते आणि काही महिन्यांत बसते. पट्टीवर 'एस १' असे लिहिले असेल तर ती मोटर सलग चालण्यासाठी बनवलेली आहे. भंगारातून आणलेली पंपाची मोटर स्वस्त पडते खरी, पण तिच्यावर हे काहीच वाचता येत नसेल तर मोह टाळा.

विजेच्या बाबतीत एवढे तरी हवेच: १६ अँपिअरचा सॉकेट, पक्के अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरवर पडणारा गळतीचा स्विच. आंगणात पाणी असते, हात ओले असतात. इथे काटकसर नको.

धूळ: जी दिसत नाही ती

यंत्र निवडताना सगळ्यात कमी विचार होतो तो धुळीचा, आणि किंमत सगळ्यात जास्त तिचीच मोजावी लागते. इंग्लंडमधले शेफील्ड शहर सुऱ्या-काट्यांसाठी जगभर नावाजलेले. १९व्या शतकात तिथले कोरड्या दगडावर काटे घासणारे कारागीर इतक्या कमी वयात दगावत, की 'ग्राइंडरचा दमा' असे नावच त्या आजाराला पडले. आपल्या जवळचे उदाहरण गुजरातेतल्या खंबायतचे. ज्या अकीकाच्या अंगठ्या आपण हौसेने घालतो, तो दगड घासून चमकवणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस होतो. फुप्फुसात बसलेली ती धूळ परत निघत नाही.

आजचे बेल्ट बहुतेक ॲल्युमिनाच्या किंवा सिरॅमिकच्या दाण्यांचे असतात. त्यांत जुन्या वाळूच्या दगडासारखी सिलिका नसते, हे बरे. पण पोलादाचा बारीक चुरा, दाण्यांची पूड आणि मुठीसाठी घासलेल्या शिसम-सागवानाचा भुसा श्वासातून आत जातोच. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवले आहे. ज्या घरात दमेकरी आहे किंवा रांगते मूल आहे, तिथे खोलीच्या आत हे यंत्र चालवू नये. खिडकी उघडली, पंखा लावला, तरी नाही. पंखा धूळ घालवत नाही, ती सगळ्या घरात वाटतो.

मग करायचे काय?

यंत्र आंगणात किंवा गच्चीवर चालवावे आणि काम झाल्यावर पुसून आत ठेवावे. उचलता येण्याजोग्या यंत्राचा खरा उपयोग हाच. बेल्ट खालच्या दिशेने फिरतो तिथे पाण्याची बादली ठेवावी. ठिणग्या आणि बराचसा चुरा तिच्यात पडतो. वाऱ्याकडे पाठ न करता वारा एका बाजूने जाईल असे उभे राहावे. पाठीमागून वारा आला तर धूळ शरीरासमोर भोवऱ्यासारखी फिरते.

एन-९५ मास्क नाकाला घट्ट बसलेला हवा. ओढणी किंवा रुमाल नाकाला बांधणे म्हणजे मनाची समजूत. दाढी असलेल्या बांधवांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. असा मास्क दाढीवर नीट चिकटत नाही आणि बाजूने धूळ शिरते. त्यांच्यासाठी मोकळी हवा आणि पाण्याची बादली आणखी महत्त्वाची. स्वच्छ हवा आत सोडणारे, डोक्यावरून घालायचे मास्क मिळतात. ते महाग असतात, पण काम वाढले की पहिला खर्च तोच करावा.

काम संपल्यावर झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून जमिनीवरून फिरवले की लोखंडाचा चुरा चिकटतो. पिशवी उलटी केली की काम झाले. पितळेचा चुरा चुंबकाला लागत नाही, तो पुसूनच घ्यावा. कामाचे कपडे बाहेरच बदलावेत आणि वेगळे धुवावेत. मगच मुलाला कडेवर घ्यावे. लाकूड आणि पोलाद एकामागोमाग घासायचे असेल तर मधे भुसा साफ करावा. ॲल्युमिनिअम तर या यंत्रावर घासूच नये. त्याची पूड आणि पोलादाची ठिणगी यांची भेट फार वाईट.

शेजारी आणि शरीर

निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियमांत, म्हणजे २००० सालच्या नियमांत, दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. ग्राइंडर त्याहून सहज जास्त आवाज करते. यंत्र जाड प्लायवूडच्या फळीवर बोल्टने कसा आणि फळीखाली रबराचे जाड पाय लावा. थरथरीचा आवाज त्याने कमी होतो. दुपारच्या नमाजनंतर दोन तास, असा वेळ शेजाऱ्यांना विचारून ठरवा आणि तो पाळा. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये केवढा मोठा आहे, हे वाचकांना सांगायला नको. कानांत रबरी बोळे स्वतःसाठीही घालावेत.

डोळ्यांवर बाजूने बंद असलेला चष्मा हवा. सैल बाह्या, गळ्यातला रुमाल, ओढणी, मोकळे केस, बांगड्या हे सगळे फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवावे. हे काम भगिनीही करू शकतात, कैच्यांना धार लावण्याचे तर त्यांनी जरूर करावे. फक्त डोक्यावर घट्ट बांधलेला स्कार्फ असावा, लोंबते टोक नसावे. जाड हातमोजे सुरक्षित वाटतात, पण पट्टा त्यांना ओढून घेतो. उघड्या बोटांना पाते तापल्याचेही लगेच कळते. धार लावताना पात्याची धार पट्ट्याच्या धावण्याच्या दिशेला असावी, विरुद्ध नव्हे. विरुद्ध धरलेली टोकदार सुरी पट्टा फाडते आणि हातातून उडते.

पोलाद तापले की धार गेली

सुरी कडक करून नंतर साधारण २०० अंशांवर तिला थोडी नरमाई दिलेली असते. तेव्हाच ती धारही धरते आणि मोडतही नाही. ग्राइंडरवर धारेची कड काही क्षणांत त्याहून जास्त तापते. कड पिवळसर झाली तर सावध व्हा. निळी झाली तर ती ३०० अंशांच्या आसपास गेली, तिथले पोलाद नरम पडले. वर कितीही चमक आणा, ती सुरी दुसऱ्या बकऱ्यावर बोथट होईल. म्हणून प्रत्येक दोन-तीन फेऱ्यांनंतर पाते पाण्यात बुडवावे. झिजलेला बेल्ट वापरत राहू नये. तो कापत नाही, घासून तापवतो. दहा रुपये वाचवताना गिऱ्हाइकाची सुरी बिघडते.

सुरी घडवणाऱ्यांनी पोलाद ओळखायला शिकावे. ट्रकचा जुना कमानपाटा कडक होतो, बेअरिंगचे पोलादही होते. बांधकामाची साधी लोखंडी पट्टी कडक होत नाही. भांड्यांचे साधे स्टीलही होत नाही. दिसायला सुरी, पण धार एका दिवसाची. अशी वस्तू विकणे म्हणजे मापात खोट करण्यासारखेच.

कायदा आधी, कमाई नंतर

या विषयावर आपल्या मुलांशी मोकळेपणाने बोलले पाहिजे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार तलवारी, खंजीर, तसेच ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या 'शस्त्र' या वर्गात येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे सत्तूर, पावशी, इळा ही अवजारे. पण सजावटीची तलवार, दुधारी खंजीर, सिनेमात पाहिलेला सुरा हे परवान्याशिवाय बनवायचे नाही, विकायचे नाही. कुणी मित्राने मागितले तरी नाही. अशा वस्तूंसोबत व्हिडिओ टाकून मिरवणे तर अजिबात नाही. एका चित्रफितीवरून घर उद्ध्वस्त होऊ शकते.

सणासुदीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली हत्यारे बाळगण्यावर मनाई आदेश निघतात. त्या दिवसांत गिऱ्हाइकाच्या सुऱ्या नेताना त्या नीट गुंडाळून, पेटीत घालून, पावतीसह न्याव्यात. पावती पुस्तक पहिल्या दिवसापासून ठेवा: कोणाची वस्तू, कोणती, कधी आली, कधी गेली. एखाद्या वस्तूबद्दल शंका असेल तर काम घेण्याआधी वकिलाला किंवा पोलीस ठाण्यात विचारावे. नाव नोंदवण्यासाठी 'उद्यम' ही केंद्र सरकारची ऑनलाइन नोंदणी विनाशुल्क आहे. धंद्याला कागद असला की माणूस ताठ मानेने उभा राहतो.

पैसा कुठून?

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत लोहारकाम आहे, हातोडा व अवजारे बनवणेही आहे. अर्ज सामान्य सेवा केंद्रातून होतो आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिका पातळीवर पडताळणी होते. वय १८ पूर्ण हवे आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. मूलभूत प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आहे. पुढे ५ टक्के व्याजाने १ लाख आणि नंतर २ लाखांचे कर्जही आहे. व्याज टाळणाऱ्या घरांनी लक्षात घ्यावे की व्हाउचर हे कर्ज नाही. ते घेतले म्हणून कर्ज घ्यावेच लागते असे नाही. मात्र व्हाउचरवर त्या व्यवसायासाठी ठरवलेली अवजारे मिळतात. तुम्हाला हवे ते यंत्र त्यात बसते का, हे अर्ज करतानाच विचारा. उरलेल्या रकमेसाठी नातेवाइकांत कर्ज-ए-हसना मागण्यात कमीपणा नाही. लिहून द्या आणि ठरल्या दिवशी परत करा.

हिशेब मांडताना फक्त यंत्राची किंमत धरू नका. बेल्ट, चष्मा, मास्क, कानाचे बोळे, वायरिंग आणि गळतीचा स्विच हे सगळे त्यात धरा. पहिल्या महिन्यात दहा सुऱ्यांना किती बेल्ट गेले आणि किती तास गेले ते वहीत लिहा. तुमचा दर त्यावरून ठरेल. शेजारचा किती घेतो यावरून ठरवू नका.

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी २ × ४८ चे, १ हॉर्सपॉवर आणि १४४० फेऱ्यांचे यंत्र घेतले. मोठ्याचे स्वप्न पुढे ढकलले. फळीवर कसलेले यंत्र तो आणि त्याचा भाऊ दुपारी आंगणात काढतात आणि नंतर दिवाणाखाली सरकवतात. सध्या तो फक्त धार लावतो.

दुकानात हे तपासा

यंत्र निदान दहा मिनिटे चालवून दाखवायला सांगा. बेल्ट चाकावरून सरकतो का पाहा. एक बटण किंवा खुंटी फिरवून तो जागेवर आणता आला पाहिजे. बेल्टच्या मागची पोलादी पाटी सपाट आहे का, ते पट्टी लावून बघा. बंद केल्यावर चाके हाताने फिरवून बघा. बेअरिंग खरखरत असेल किंवा फार तापले असेल तर ते यंत्र सोडा. चाकांवर झाकण हवे. बंद करायचे बटण हाताच्या टप्प्यात हवे. बेल्ट बदलायला किती वेळ लागतो ते स्वतः करून पाहा. अर्ध्या-एक मिनिटात बदलता आला पाहिजे. दोघांनी उचलून बघा आणि तुमच्या दारातून, जिन्यावरून ते जाईल का हे घरून फीतपट्टीने मोजून आणलेल्या मापाशी ताडा. पक्के बिल घ्या.

आणि दुकानात जाण्याआधी घरातल्या बाईमाणसाला विचारा की हे यंत्र कुठे ठेवायचे, कधी चालवायचे आणि चुरा कोण पुसणार. या तीन प्रश्नांची उत्तरे ठरली नसतील, तर खरेदी महिनाभर पुढे ढकला.